तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याच माणसाची वर्दी

लग्नात, एसटीत, बचत गटाच्या बैठकीत, कुठंही मी पोलीस पाटील आहे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच बाजूला घेऊन विचारतात, "वहिनी, त्याच गावात राहून गावातल्याच माणसाची वर्दी, म्हणजे खबर, ठाण्यात कशी देता हो?" परवा भरतीचा अभ्यास करणाऱ्या दोन पोरी घरी आल्या होत्या. त्यांनीही हेच विचारलं. त्यांना मी पेपरात लिहायचं उत्तर सांगितलं. हे दुसरं.

पेपरातलं सोपं आहे. 1967चा ग्राम पोलीस अधिनियम, कलम 6. गावात गुन्हे किती, रोगराई काय, एकूण हालहवाल कसा, हे वर कळवायचं. शांतता बिघडेल असं काही कानावर आलं तर ठाण्याला सांगायचं. बापाकडून पोराकडे जाणारी पाटीलकी साठच्या दशकातच संपली. आता प्रांत ऑफिसची जाहिरात निघते, 80 मार्कांची लेखी, 20 मार्कांची तोंडी. वय 25 ते 45, दहावी पास, आणि उमेदवार त्याच गावचा रहिवासी हवा. सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे. बीट अंमलदाराची, म्हणजे आमच्या भागाचं काम बघणाऱ्या ठाण्याच्या पोलिसाची, काही वर्षांत बदली होते. मी ज्याच्यावर वर्दी देते, त्याच्याच ट्रॅक्टरनं माझं रान नांगरायचं असतं.

माझा भाचा टेक्सासला असतो. तो म्हणतो, "मामी, तू म्हणजे आमच्याकडची शेरीफ." म्हटलं, बाबा, तुमचा शेरीफ मतं मागून निवडून येतो, कमरेला पिस्तूल लावतो, कैदीही त्याच्याच तुरुंगात असतात. माझ्याकडे शिक्का, वही, टॉर्च आणि मोबाइल. मानधन सुरुवातीला 3000 होतं, मग 6500 झालं, 2024 पासून 15,000. वर नवा हवालदार आला की दारात उभा राहून मलाच विचारतो, "पाटील कुठायत?" आमचे हे आतून ओरडतात, "तुमच्या समोरच उभ्या आहेत!"

पण तुमचा प्रश्न तसाच राहिला.

चार वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या पुढं-मागं, सकाळी सातच्या सुमाराला एक पोरगं धापा टाकत आलं. "काकी, मळ्यातल्या विहिरीत बाई दिसतीय." मी पायात चप्पल सरकवली आणि चालता चालताच ठाण्यात फोन लावला. ही माझी खोड नाही, युक्ती आहे. आधी फोन, मग जागेवर. एकदा माणसांची तोंडं बघितली की बोट बटणावर जात नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

जाऊन बघते तर बाई आमच्याच भावकीतली. चुलत सासऱ्यांची सून. पोरांनी तिला वर काढून बांधावर निजवलं होतं, कुणीतरी अंगावर चादर टाकली होती आणि ओल्या केसांतून पाणी अजून मातीत झिरपत होतं. दादा, म्हणजे तेच चुलत सासरे, माझ्याजवळ आले. सरपण आणायला माणूस गेलाय म्हणाले. "पाणी आणायला गेली, पाय घसरला. सूनबाई, घरातली गोष्ट आहे. दुपारच्या आत उरकून घेऊ."

"दादा, वर्दी गेलीय."

"मग परत लाव फोन. चुकून केला म्हण."

मी काही बोलले नाही. पदर खोचला आणि चादरीच्या कडेला उभी राहिले. पोलीस साडेआठला आले. लग्नाला सात वर्षं व्हायची होती, म्हणून इन्क्वेस्ट पंचनाम्याला, म्हणजे मरण कसं आलं ते बघायच्या पंचनाम्याला, नायब तहसीलदारही यायचे होते. ते यायला साडेअकरा वाजले. तोवर बायका रडत होत्या, एक कुत्रं सारखं जवळ येत होतं आणि मी त्याला हाकलत होते. पोलीस पाटलाचं निम्मं काम हे असंच, कुणी येईपर्यंत जागा न सोडण्याचं.

फोनचं एवढं काही नाही, तो तर मी नाव कळायच्या आधीच केला होता. खरं अवघड त्यानंतर होतं. नायब तहसीलदारांनी विचारलं, "पाण्यालाच आल्या होत्या का?" सगळे माझ्याकडं बघत होते. त्या दिवशी नळाला पाणी पहाटे पाचला आलं होतं. माझे हंडे भरले होते, त्यांच्या दारातलं पिंपही भरलेलं मी येताना बघितलं होतं. मी तेवढंच सांगितलं. तिनं उडी घेतली, कुणी ढकललं, असलं एक अक्षर बोलले नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. पिंप भरलेलं होतं, हे माहीत होतं.

त्या वर्षी हळदीकुंकवाला आमच्या आळीत मला कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई फार कडक. तसं नाही. बांधावरून हमरीतुमरी झाली, कुणाची म्हैस कुणाच्या उसात गेली, यात्रेत पोरांची झटापट झाली, तर मी ठाण्याचं नावही काढत नाही. दोघांना ओट्यावर बसवते, चहा देते, आणि एकमेकांच्या आज्यांची नावं निघेपर्यंत बोलू देते. आज्या निघाल्या की निम्मं भांडण मिटतं.

पण हाच सैलपणा एकदा अंगाशी आला. एक बाई रात्री रडत आली. नवऱ्यानं मारलं होतं, गाल सुजला होता. "पाटील, वर्दी देऊ नका. आत गेला तर जामीन मीच शोधायचा, आणि सुटून आला की परत मीच घरात." तिचं खरंच वाटलं मला. नवऱ्याला बोलावून दम दिला, त्यानं कान पकडले, मी वहीतही लिहिलं नाही. महिन्याभरात तिचा हात कोपरापासून मोडला. तेव्हा वर्दी दिली. ठाण्यात साहेबांनी विचारलं, "याआधी काही झालं होतं का?" मी हो म्हणाले. "मग वहीत का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. भरतीवाल्या पोरींना हे सांगायला हवं होतं. राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात चुलत सासरे माझ्या दारात आले. नातवाला रहिवासी दाखला हवा होता. तिचाच मुलगा, आता शाळेत जातो. "आत या, दादा," म्हटलं, पण ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. पाणी पुढं केलं, घेतलं नाही. मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. शाई कमी होती, शिक्का अर्धाच उमटला. दुसरा कागद काढायला लागले तर म्हणाले, "असू दे. चालतंय." आणि कागद तसाच हातात धरून, शाई वाळेपर्यंत पायरीवर उभे राहिले.