घर पाचवीच्या हिशेबानं

गोव्यात पणजीजवळच्या पर्वरीत फ्लॅट दाखवायची वेळ ठरलेली असते, रविवारी सकाळी अकरा. हायवे त्यातल्या त्यात शांत, गिऱ्हाईक नाश्ता करून खुशीत, बाल्कनीत ऊन आलेलं. आमच्या धंद्यातले सगळे हेच करतात, मीही करते. त्यामुळे 2025च्या फेब्रुवारीत एका नर्सबाईंनी फोनवर विचारलं, "मॅडम, सोमवारी साडेसातला दाखवाल?" तेव्हाच मी ओळखलं की हे गिऱ्हाईक सहज हो म्हणणाऱ्यातलं नव्हे.

ती बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नोकरीला, नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. राहायला पणजीजवळच्या सांताक्रूझला, भाड्यानं. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. बजेट सांगायच्या आधी तिनं पर्वरीतल्या एका शाळेचं नाव सांगितलं. तिथं चालत जाता येईल असं घर हवं, बाकी थोडं इकडेतिकडे चालेल. असे फोन हल्ली बरेच येतात. पूर्वी लोक आधी पाणी किती वेळ येतं ते विचारायचे, आता आधी शाळा विचारतात. बिल्डरही हुशार, जाहिरातीत शाळेचं अंतर मिनिटांत छापतात. ती मिनिटं गाडीची की पायांची, ते मात्र छापत नाहीत.

सोमवारी चौघं आली. चौथे म्हणजे तिचे वडील, डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मीही डिचोलीचीच, त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांत वाडा, देऊळ आणि कोण कुणाची सून हे सगळं विचारून झालं.

फ्लॅट चांगला होता. दुसरा मजला, दोन बेडरूम, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मिळालेलं, सोसायटी नोंदलेली. मी किल्ली काढली तर बाई म्हणाली, "फ्लॅट मागाहून बघू. आधी शाळेपर्यंत चालून येऊ." मुलीच्या पाठीवर दप्तर होतं आणि ते रिकामं नव्हतं. आईनं त्यात वह्या, डबा आणि पाण्याची भरलेली बाटली घातली होती.

नकाशावर ती शाळा तिथून चारशे मीटर. पण मधे राष्ट्रीय महामार्ग 66, आणि त्याच्यावर उन्नत मार्गाचं काम चाललेलं. दोन्हीकडे पत्रे, धूळ, आज इकडून तर उद्या तिकडून वळवलेली वाहतूक. आतल्या रस्त्याला फूटपाथ नाही, गटारावरच्या लाद्या हलतात. आजोबांचं बोट धरून मुलगी नीट चालत होती. हायवेशी आल्यावर बाजूच्या खिशातली बाटली निसटली आणि घरंगळत पत्र्याखाली गेली. मुलीनं बोट सोडलं आणि वाकली. आईनं मागून दप्तराचा पट्टा धरून तिला ओढलं, समोरून टँकर गेला. कुणी काही बोललं नाही. बाटली मी काढून दिली. पलीकडे पोचेपर्यंत निघाल्यापासून वीस मिनिटं झाली होती.

शाळेच्या फाटकावर नेहमीची गर्दी. बालरथ म्हणजे शाळेच्या बस, रिक्षा, स्कूटरवर पुढ्यात उभं केलेलं पोर. ऑफिसातल्या क्लार्कनं आम्हाला बसवलं, नीट बोलला. पहिलीत आधी आमच्याच केजीची मुलं जातात, त्यानंतर जागा उरल्या तर बाहेरची. "आम्ही समोरच घर घेतो आहोत," नवरा म्हणाला. क्लार्क म्हणाला, "घ्या की. पण यादी तीच राहणार."

नवऱ्याला वाटत होतं की एक किलोमीटरच्या आत राहिलं की प्रवेश हक्कानं मिळतो. हा समज मी कितीतरी घरांत ऐकला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या आदर्श नियमांत अंतर आहे खरं, पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. पण तेवढ्या अंतरात शाळा असावी ही जबाबदारी सरकारची. आपल्या पसंतीच्या शाळेत आपली जागा राखून ठेवली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. केवळ या समजापोटी माणसं दहा-पंधरा लाख जास्त मोजायला तयार होतात. एजंट म्हणून मी गप्प राहिले असते तर माझं कमिशन वाढलं असतं, हेही खरंच.

मग आम्ही हॉटेलात भाजी-पाव खायला बसलो आणि तिथं मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. बिलाच्या पाठीमागे त्यांनी तीन आकडे लिहिले, 4, 6 आणि 2. "आमच्या गोव्यात शाळा एक नसते बाय, तीन असतात. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते दहावी हायस्कूल, मग हायर सेकंडरी. तुमचं कर्ज वीस वर्षांचं आणि तुम्ही घर बघताय चार वर्षांच्या शाळेसाठी."

मास्तर नोकरीत असताना शिक्षणाच्या माध्यमाचा सगळा वाद त्यांच्यासमोर झाला. 1990 मध्ये सरकारनं ठरवलं की प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोकणीसारख्या प्रादेशिक भाषांना, आणि 2011 मध्ये ते इंग्रजीलाही मिळायला लागलं. दोन्ही वेळा मोर्चे, भाषणं, घराघरांत भांडणं. मास्तर 2011 विषयी अजून तावातावानं बोलतात. लेकीनं "बाबा, पुरे" म्हटल्यावर मूळ मुद्द्यावर आले. पाचवीपासून बहुतेक हायस्कुलं इंग्रजीच आहेत. गोव्यातल्या कितीतरी डॉक्टर-इंजिनियरांनी चौथीपर्यंत वाड्यावरच्या शाळेत मराठी शिकून पाचवीला इंग्रजी घेतलं. मग पहिलीसाठी एवढा जीव कशाला काढायचा? घर बघायचं ते पाचवीच्या हिशेबानं. चांगलं हायस्कूल चालत जाण्यासारखं हवं, मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की एकटं जाईल येईल. प्राथमिक जवळ जी असेल ती.

त्यांचं शेवटचं वाक्य मला पटलं नाही आणि मी तसं बोलले. सरकारी प्राथमिक शाळांचा पट किती खाली आलाय हे त्यांनाही ठाऊक. काही ठिकाणी चारही इयत्ता एका खोलीत, एकाच बाईंपुढे बसतात. "जवळ जी असेल ती" कशी चालेल? मास्तर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणून शाळेत जाऊन हजेरीपट बघायचा. इमारतीचा रंग बघायचा नाही."

नर्सबाई तोवर मोबाईलवर काहीतरी जुळवत होती. तिनं विचारलं, "फोंड्याला काही आहे का?"

फोंडा माझा भाग नाही. तिथल्या ओळखीच्या एजंटाला घेऊन अर्धं कमिशन त्याला द्यावं लागतं. पण फोंडा सुचणं स्वाभाविक होतं. हायस्कुलांची तिथली परंपरा जुनी, आल्मेदा हायस्कूल 1911चं. नवऱ्याला कुंडई जवळ. नुकसान एकट्या बाईचं, कारण बांबोळी लांब पडणार, बाणस्तारीवरून रोज ये-जा आणि त्यात नाइट ड्युटी. नवऱ्यानं तसं म्हटलं तर ती म्हणाली, "मी कदंबाच्या बसमध्ये झोपीन. हिला कोण हायवे ओलांडून देणार?"

फोंड्यात मास्तरांनी माझ्या सहकाऱ्याला दमवलं. फ्लॅट बघायच्या आधी जवळच्या मराठी प्राथमिक शाळेत गेले, पट विचारला, वर्गाच्या दारात उभं राहून दोन मुलांकडून धडा वाचून घेतला. मग दोन हायस्कुलांपर्यंतचे रस्ते चालून बघितले. दोन्हीकडे मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता. शेवटी जो फ्लॅट ठरला तो जुना होता, लिफ्ट नव्हती, पर्वरीतल्या त्या फ्लॅटच्या मानानं किचन अंधारं होतं. दाखवताना मी एरवी त्यावर काही पांघरूण घातलं असतं. मास्तरांसमोर तेही जमलं नाही.

कागदपत्रांचा घोळ नेहमीचाच. मालक आखातात, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर. पण 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून इथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, म्हणून बायकोची सही लागतेच. परराज्यातून येणाऱ्यांना हे समजावताना घसा बसतो, ही मंडळी गोंयकार असल्यानं त्यांना एका वाक्यात समजलं. मालकाच्या बायकोचं कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून शिक्का होऊन यायला पावसाळा लागला. तोवर ही मंडळी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्यानं राहिली.

जूनमध्ये प्रवेश झाला. शाळेनं जन्मदाखला मागितला, आधार मागितलं. घर स्वतःचं की भाड्याचं, कुणी विचारलं नाही.

खरेदीखताच्या दिवशी सबरजिस्ट्रारच्या कचेरीत मास्तर उशिरा आले. वाटेत हायस्कूलमध्ये डोकावले होते, पाचवीला बाहेरच्या शाळांतली किती मुलं घेता ते विचारायला. हेडमास्तर म्हणाले, तुमच्या नातीला अजून चार वर्षं आहेत. मास्तरांनी वही काढून यंदाचा आकडा मात्र लिहून घेतला.