कापलेला रुपया

मंगळवार आमचा बाजाराचा दिवस. कापूस वेचणी सुरू, बायांच्या हाती रोजीचे पैसे, त्यामुळं जोडव्या-पैंजणांच्या दुरुस्तीतून डोकं वर निघत नाही. दारव्ह्याकडच्या एका गावातला लहानसा सोनार मी. जुन्या नाण्यांचा मला नाद आहे, आणि तो आता पंचक्रोशीला माहीत झालाय.

दुपारी साठीतला एक माणूस बायकोची जोडवी उजळायला घेऊन आला. काम झाल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यातून एक पुडी काढली. "सोनारभाऊ, हे पाहा बरं. मोबाईलवर तं याचे दोन लाख देऊन राह्यले म्हन्ते."

पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. एका बाजूला सिंह, दुसरी बाजू साफ कोरी. चार हजारांत घेतलं होतं, कोणाकडून ते सांगेना. आधी तो तालुक्याच्या एका सराफाकडं जाऊन आला होता. सराफ म्हणाला, "गावातल्या नाणीवाल्याले दाखव." नाही म्हणायची वेळ आली की लोकांना मी आठवतो.

काट्यावर ठेवलं. ७.४२ ग्रॅम. हे नाणं ९ ग्रॅमचं. टांकसाळीत दोन कोऱ्या चकत्या एकदम साच्यात गेल्या, तर एका बाजूवर छाप उठत नाही, हे खरं. पण धातू कुठं जात नाही, वजन नऊच्या आसपासच भरतं. इथं दीड ग्रॅम गेला कुठं? मग नाणं आडवं धरून भिंगातून कड पाहिली. या नाण्याच्या कडेला मधोमध खाच असते. याची खाच कोऱ्या बाजूला सरकलेली. म्हणजे त्या बाजूनं घासलेलं. पॉलिश सुरेख होतं, पण काठाजवळ कानशीचे बारीक ओरखडे राहून गेले होते. हात आमच्याच धंद्यातल्या कोणाचा असावा, याचा राग जास्त आला.

त्याला सगळं दाखवलं. लहानपणी शकुंतला रेल्वेच्या रुळावर पैसे चपटे करायचो, तसंच हे, म्हटलं. टांकसाळीतून निघाल्यावर जे होतं त्याला किंमत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच असल्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातींपासून सावध केलं होतं, पण ते पत्रक वाचतो कोण? व्हिडिओ मात्र नातू आजोबाला लावून देतो.

तो काहीच बोलला नाही. उजळणीचे पैसे चिल्लर मोजून दिले आणि गेला.

रात्री गल्ला मोजताना त्याच चिल्लरीत स्टीलचा एक रुपया हाती आला, काठाला नखाएवढा चंद्रकोरी घास घेतलेला. वाटलं, हेही कोणीतरी कापलं. सवयीनं भिंग लावलं. घासाजवळची अक्षरं कापलेली नव्हती, ती घासाकडं ओघळत पसरली होती. कैचीनं कापलं असतं तर अक्षर मधेच तुटलं असतं. आणि बरोबर समोरच्या अंगाला काठ उठलेलाच नाही, सपाट. टांकसाळीत पत्र्याची पट्टी पुरती पुढं सरकली नाही की चकत्या कापणारा ठोसा आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकती तेवढी उणी निघते. मग चकती दोन्हीकडून दाबून काठ उचलताना घासाच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून समोरचाही काठ मरतो. हे घरी कानस घेऊन कोणाला जमत नाही. अस्सल टांकसाळीची चूक! लाखाची नाही, एखादा शौकीन तीनशे देईल.

आठ दिवसांनी तो बाजारात दिसला. हाक मारली, रुपया हातावर ठेवला, म्हटलं हा तुमचाच, याचे तीनशे घ्या.

त्यानं फिरवून पाहिला. माझ्याकडं पाहिलं. "हे तं कापलेलं हाय, भाऊ. तुमीच तं सांगतलं, मंगानं कापलं तं किंमत नाही." मी समोरचा काठ दाखवायला लागलो, तर म्हणाला, "मले आता नानी नोको दाखवू." दुसरी चार हजारांची पुडी तर मी पुढं करत नाही ना, असा त्याचा चेहरा.

रुपया काट्याच्या डब्यात आहे. वहीत त्याच्या नावापुढं ३०० जमा लिहिलेत. बायको विचारते, हे कशाचे?