अकरा मिलिग्रॅम

मार्चमध्ये मी ग्रंथपाल कमी आणि स्वल्पविराम लावणारी बाई जास्त असते. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा व्हायचे असतात आणि पोरं संदर्भसूची घेऊन काउंटरवर उभी असतात. "मॅडम, तेवढं एपीएत बसवून द्या की." देते बसवून. एपीए म्हणजे संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत: आडनाव आधी, आद्याक्षरं नंतर, वर्ष कंसात. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, असेल तर मात्र तो उघडून बघितल्याशिवाय सोडत नाही. हल्ली चॅटबॉटकडून आणलेल्या याद्यांत १०. ने सुरू होणारे देखणे आकडे खंडीभर असतात; उघडले की एकतर काहीच नाही, नाहीतर भलत्याच विषयाचा लेख.

या मुलीच्या यादीत तसलं काही नव्हतं. विषय गूळ. घर करवीर तालुक्यात, घरचंच गुऱ्हाळ, आजोबा जुने गुळव्ये. सव्वीस संदर्भ, सगळे खरे, सगळे उघडणारे. सॉफ्टवेअरनं आठ टक्के साम्य दाखवलेलं, त्यामुळे गाईड सर खूश. त्या सॉफ्टवेअरचं कौतुक मला कधी कळलेलं नाही. ते उचललेली वाक्यं शोधतं. चुकीची गोष्ट आपल्या शब्दांत लिहिली की त्याची काही हरकत नसते.

मला खटकलं ते एवढंच, की "१०० ग्रॅम गुळात ११ मिलिग्रॅम लोह" या एका वाक्याला चार लेखांचे आधार होते आणि चारही लेख रिव्ह्यू होते. रिव्ह्यू लिहिणारा स्वतः गुळाची राख करून लोह मोजत नाही, दुसऱ्यांनी मोजलेलं एकत्र मांडतो.

"हे मोजलंय कुणी?" मी विचारलं.

"चौघांनी लिहिलंय की मॅडम. मी चारी वाचलो." कोल्हापूरची पोरगी, 'वाचलो'च म्हणणार.

मग चारही लेख दोन संगणकांवर उघडून आम्ही मागं मागं जात बसलो. पहिल्यानं दुसऱ्याचा हवाला दिलेला. दुसरा, तिसरा आणि चौथा थेट एका पुस्तकाकडे बोट दाखवत होते: गोपालन, रामा शास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांचं 'न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स', हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं, १९८९. तिन्ही ठिकाणी बालसुब्रमण्यन यांच्या नावातलं एकच अक्षर गळालेलं. टाइप करताना एकाचं अक्षर चुकू शकतं. तिघांचं तेच अक्षर चुकलं असेल तर निदान दोघांनी पुस्तक न उघडताच ओळ उचललीय. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये अशाच पुन्हापुन्हा छापल्या गेलेल्या चुका मोजून अंदाज बांधला होता, की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ लेख वाचणारे जेमतेम वीस टक्के. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. ती हसतात.

ते पुस्तक आमच्याकडे आहे. बांधणी सुटलीय, सुतळीनं बांधून ठेवलंय. नरसिंग राव, देवस्थळे आणि पंत यांनी सुधारलेली १९८९ची आवृत्ती. मुलीनं ओळीखाली पट्टी धरली. उसाचा गूळ, लोह: २.६४. पट्टी उचलून परत धरली. २.६४च.

"अकरा न्हाईच की मॅडम!"

मग त्याच संस्थेचे २०१७चे नवे तक्ते काढले. त्यात देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थ तपासलेत. तिथं गुळाचं लोह ४.६३. म्हणजे अकरा ज्या पुस्तकाच्या नावावर फिरतंय, त्यात ते नाही, आणि नव्यातही नाही.

राहिली त्या जुन्या पुस्तकाची १९७१ची आवृत्ती. आकडा तिथून निघाला असेल आणि पुढं कुणीतरी वर्ष तेवढं नवं लिहिलं असेल, अशी मला शंका. दाखलनोंदीचं रजिस्टर काढलं. नोंद होती. तिच्यावर लाल शाईची आडवी रेघ, शेरा: "नवी आवृत्ती उपलब्ध, निर्लेखित", आणि खाली माझी सही. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची होती, जुनी पुस्तकं कमी करा असा वरून तगादा होता. टेम्पो भरून रद्दीला गेली. मुलीला मी एवढंच म्हणाले, "ती प्रत आता नाहीये." सही तिनं बघितली की नाही, माहीत नाही.

तिनं मग सांगितलेलं कुठल्याच लेखात नव्हतं. आजोबांची रस आटवायची काहील लोखंडी होती, दिवसभर उलथण्यानं खरवडून निघायची. वडिलांनी स्टीलची घेतली. "मग लोखंड कमी भरणारच की!" मला पटलं. पण संदर्भसूचीत आजोबा कसे बसवायचे?

गाईड सरांचा फोन आला. "सगळीकडं अकरा आहे, तुम्ही कशाला नवीन काढताय? परीक्षक तिलाच धरतील." माणूस चांगला आहे, तासांच्या ओझ्यानं पिचलेला. शेवटचं पुस्तक त्यांनी कधी नेलं, ते माझ्या संगणकात आहे, इथं सांगत नाही. शेवटी मुलीनं तिन्ही आकडे दिले, दोघांपुढं पुस्तकाचं नाव आणि वर्ष, अकराच्या पुढं "मूळ स्रोत पाहिलेला नाही". त्या शेवटच्या चार शब्दांवर सरांनी पेन्सिलनं गोल केला. ते तिनं खोडले नाहीत.

प्रोजेक्ट जमा झाल्यावर तिचे वडील गुळाचा एक किलोचा रवा, म्हणजे ढेप, घेऊन आले. देखणं खोकं. बाजूला ठळक छापलेलं: लोह ११ मि.ग्रॅ.

"मॅडम, पोरगी म्हणती आकडा चुकलाय. खोकी तर छापून पडल्यात. काय छापायचं म्हणता?"

मी म्हटलं, प्रयोगशाळेतून आपल्या गुळाची तपासणी करून घ्या, येईल तो आकडा छापा.

"ते या आदणाचं झालं. म्होरल्या आदणाला?" आदण म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा रस.

त्यांना चहा पाजला. गूळ घरी नेला, खोकं टेबलावर आहे. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात १९७१ची प्रत आहे का, ते शनिवारी जाऊन बघणार आहे.