टालाची टाकी

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस व्हिक्टोरिया बघतो, हावडा पुलासमोर फोटो काढतो, कालीघाटला दर्शन घेतो आणि संदेशचे डबे घेऊन परततो. श्यामबाजारच्या पुढे टालाला पाण्याची टाकी बघायला जातो म्हटल्यावर घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

टाकी म्हणजे गच्चीवरचं काळं पिंप, हीच आपली कल्पना. ही टाकी लोखंडी खांबांवर ११० फूट उंच उभी आहे. कुंपणाबाहेरून मान वर केली की आधी दिसतात ते जाळीदार खांब, एकमेकांना तिरप्या पट्ट्यांनी बांधलेले, अंगभर रिव्हेटांच्या रांगा. आणि त्यांच्यावर चौकोनी, सपाट, आडवी पसरलेली ती टाकी. नक्षी नाही, कळस नाही. नव्वद लाख गॅलन पाणी मावतं म्हणे. गणित केलं तर सुमारे चार कोटी लिटर, म्हणजे चाळीस हजार टन. पलीकडे पोरं निवांत फुटबॉल खेळत होती. मी मात्र जरा मागे सरकलो.

बराकपूरजवळ पलत्याला हुगळीचं पाणी शुद्ध होतं, तिथून ते टालाला येतं. शहराची तहान कमी असते तेव्हा पाणी वर चढतं, मागणी वाढली की खाली उतरतं. उतरताना पंप लागत नाही, उंचीच पुरते.

टाकी सुरू झाली मे १९११ मध्ये. त्याच महिन्यात तिकडे बेलफास्टला टायटॅनिक पाण्यात उतरवली. पुढच्या वर्षी ती बुडाली. इथलं लोखंड डोक्यावर पाणी घेऊन अजून उभं आहे. १९३४ च्या भूकंपातूनही निभावलं. १९११ च्याच डिसेंबरात दिल्ली दरबार भरला आणि राजधानी दिल्लीला न्यायचं जाहीर झालं. साहेबाने राजधानी नेली, टाकी काही नेता आली नाही. संगमरवरी व्हिक्टोरिया पुरी व्हायला तर १९२१ उजाडलं. माझ्या मते शहराला दिलेली खरी भेट हीच, पण तिच्यासमोर तिकिटाची रांग लागत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते तिचं पोट. आत चार कप्पे आहेत. एक रिकामा करून धुवायचा, दुरुस्त करायचा, तेवढ्यात उरलेले तीन शहराला पाणी पाजतात. आमच्या सोसायटीत ‘उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे’ अशी चिठ्ठी लागली की जिन्यात बादल्यांची वाहतूक सुरू होते आणि पाहुणे नेमके त्याच दिवशी येतात. परत आल्यावर सभेत मी मुद्दा मांडला, की टाकीत मधे एक भिंत घालू, दोन कप्पे तरी होतील. सेक्रेटरींनी तो वहीत लिहून घेतला, खर्चाचा अंदाज मागवायचं ठरलं आणि मग चर्चा पार्किंगवर गेली.