माझा पहिला लेख आणि हरिपूरची पेवं

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी नऊ वर्षं हिशेब लिहिते. पट्ट्या, हमाली, तोलाई. लेख लिहायचं खूळ डोक्यात शिरलं ते एका रविवार पुरवणीतल्या आवाहनामुळे: आपल्या गावाबद्दल लिहा, शब्दमर्यादा ७००. म्हटलं, आपल्याकडे हळद आहे, दिवसभर नाकातोंडात तीच असते, मग अडचण कसली?

पहिला खर्डा भरला १६५० शब्दांचा. सुरुवात 'भारतीय संस्कृतीत हळदीला अनन्यसाधारण महत्त्व आहे' अशी. पुढे आयुर्वेद, लग्नातली हळद, जेजुरीचा भंडारा, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन. शिवाय सांगली ही नाट्यपंढरी कशी, तर १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं म्हणून. हळदीच्या लेखात भावे कशाला? माहीत होतं म्हणून आले, दुसरं काय.

आठ दिवसांनी पुरवणी बघणाऱ्या सरांचा फोन आला. "ताई, तुमचा लेख सातव्या परिच्छेदात सुरू होतो. त्याच्या आधीचं काढून टाका."

दोन दिवस मी घुश्श्यात होते. मग सातवा परिच्छेद काढून बघितला. त्यात सांगलीजवळच्या हरिपूर गावची पेवं होती, चार ओळींत उरकलेली. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेलं कोठार: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. आत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहते. एवढंच लिहिलं होतं, कारण मला एवढंच माहीत होतं. एखाद्या गोष्टीचं 'पेव फुटलं' असं आपण उठताबसता म्हणतो, पण मी पेवात कधी वाकूनही बघितलं नव्हतं.

आमच्या दुकानात एक म्हातारे हमाल येतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी ते पेवात उतरायचे. दुपारच्या चहाला मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि पहिलाच प्रश्न केला, "आबा, पेवांचं महत्त्व काय?"

"म्हत्त्व म्हंजी?" आबा बशीतला चहा फुंकत राहिले.

पुढं काही सुचेना. शेवटी विचारलं, पेव उघडलं की आधी काय करायचा?

मग आबा बोलायला लागले. तोंडावरची माती काढायची आणि पेव काही तास तसंच उघडं सोडायचं. आत कोंडलेली हवा वाईट. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. "कंदील इझला तर आपुन उतरायचं न्हाई. कंदील इझला म्हंजी मानूस बी इझला." हे सांगताना त्यांचा हात दोरी सोडावी तसा हळूहळू खाली जात होता. मी लिहायचं विसरले.

लेख पुन्हा लिहिला तो या कंदिलापासून. मोबाइलवर बोलून टाइप केला, तर प्रत्येक 'पेवात'चं त्यानं 'पेयात' करून ठेवलं. आबा पेयात उतरताहेत असं दोन पानं छान चाललं होतं. तारखा आणि आकडे होते, पण आता ते जागेवर बसले. पुराचा उल्लेख पेवं बुडाली तिथंच आला. मी मात्र ठोकून दिलं होतं की २००५ च्या पुरात सगळी पेवं गेली. आबांना विचारलं, तर म्हणाले, "बरीच ग्येली. समदी कुठं?" एका शब्दासाठी लेख खोटा पडला असता.

तरी ९४० शब्द झाले. संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. पण कंदिलापाशी त्यांचा हात थांबला. हमालीच्या दरांपाशी जुडी पुन्हा भराभर संपायला लागली. दर काढले. शेवटी 'हा वारसा जपणे ही काळाची गरज आहे' असं एक वाक्य होतं, त्याच्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे शाळेतल्या भाषणासारखं वाटतंय गं." तेही गेलं. मला आवडत होतं, खरं सांगायचं तर.

लेख छापून आला. सरांनी मथळा बदलला होता आणि तो मला अजूनही पटलेला नाही. सोमवारी पेपर घेऊन आबांकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पोत्यांच्या थप्पीला टेकून मीच वाचला. आजूबाजूला चार हमाल जमले. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "फकस्त त्यो कंदील माझा न्हवता. दुकानाचा हुता."