मिथेन बाहेर कुठून पडतो?

केमिकल इंजिनीअरिंगच्या फायनल इयरच्या डिझाइन प्रोजेक्टला आमच्या वाट्याला टोल्युइन आणि हायड्रोजनपासून बेंझिन बनवणारा प्लांट आला होता. चौघांत एक लॅपटॉप, सिम्युलेटर उघडला आणि पहिल्याच दिवशी थेट डिस्टिलेशन कॉलम मांडायला घेतले, कारण रिपोर्टमध्ये कॉलम दिसले की काम झाल्यासारखं वाटतं. चार दिवस रिसायकल (न वापरलेला माल रिअॅक्टरला परत नेणारा प्रवाह) काही केल्या कन्व्हर्ज होईना, म्हणजे आकडे स्थिरावेनात, गॅसचा फ्लो वाढतच चाललेला, आम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालतोय, टॉलरन्स ढिला करून बघतोय. सर आले, स्क्रीनकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, मिथेन बाहेर कुठून पडतो?"

कुठूनच पडत नव्हता. बेंझिनच्या प्रत्येक मोलबरोबर मिथेनचाही एक मोल तयार होतो, त्यात हायड्रोजन फीडमध्ये ५ टक्के मिथेन आधीचाच, आणि आम्ही तो सगळा कंप्रेसरमधून रिअॅक्टरला परत फिरवत बसलेलो. पर्ज, म्हणजे फिरत्या गॅसचा थोडा भाग बाहेर सोडणारा फाटा, काढलाच नव्हता!

मग सरांनी डग्लसची उतरंड, म्हणजे प्लांटची रचना पायरीपायरीने ठरवायची पद्धत, समजावली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवणाऱ्या जेम्स डग्लस यांनी ती १९८५ साली मांडली आणि त्यांचं गाजलेलं उदाहरण नेमकं हेच बेंझिनचं. आधी बॅच (एकेक घाणा) की कंटिन्युअस (अखंड) ते ठरवा. मग अख्ख्या प्लांटचा एक डबा काढा, आत काय जातं, बाहेर काय येतं, बस. मग रिअॅक्टर आणि रिसायकल, मग सेपरेशन, आणि हीट एक्स्चेंजर सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला पैशांचा हिशोब करायचा, तोटा दिसला की तिथेच फाईल बंद.

मला डब्याची पायरी सगळ्यात जास्त आवडते. ९२ किलो टोल्युइनमधून फार तर ७८ किलो बेंझिन मिळतं, म्हणजे बेंझिनचा भाव टोल्युइनच्या साधारण १.१८ पट तरी हवा, आणि यात हायड्रोजन, वीज, यंत्रं काहीच धरलेलं नाही. वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत होणारा हिशोब, आणि आम्ही चार दिवस कॉलमचे ट्रे मोजत होतो.

रिसायकलच्या पायरीला मात्र डोकं लागतं. कोक (कार्बनचा थर) धरू नये म्हणून रिअॅक्टरच्या तोंडाशी अॅरोमॅटिक्सच्या (इथे टोल्युइन-बेंझिनच्या) पाचपट हायड्रोजन ठेवायचा, म्हणून गॅस फिरवायचा, आणि पर्ज उघडला की मिथेनबरोबर महागडा हायड्रोजनही जातो. कन्व्हर्जन (एका फेरीत किती टोल्युइन वापरलं जातं ते) वाढवावं तर डायफिनाइल, म्हणजे दोन बेंझिन जोडून होणारं नको असलेलं रसायन, वाढतं, कमी ठेवावं तर टोल्युइन नुसतं गोल गोल फिरतं.

या डायफिनाइलवरून आमची कँटीनमध्ये जुंपली होती. ते बनायची रिअॅक्शन उलटी होऊ शकते, म्हणून मी म्हणत होतो की डायफिनाइल परत रिअॅक्टरला पाठवा, एका पातळीला येऊन थांबेल, बेंझिनही वाया जाणार नाही. बाकी तिघांचं म्हणणं, काढून इंधन म्हणून जाळा, उगाच पाइप-पंप मोठे कशाला. सरांनी दोन्ही फ्लोशीट करायला लावल्या. म्हटलं झालं, आता रविवार गेला.