सोलापूर–हंपी रस्त्यावर अर्ध्या दिवसाचं विजापूर

सोलापूरहून गाडीने हंपीला निघालं की साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर लागतं. गोलघुमटासमोर तासभर थांबून पुढे पळणारेच जास्त. आम्ही दोघांनी आदल्या रात्री तिथेच मुक्काम केला आणि सकाळ शहरासाठी ठेवली. तेवढा वेळ पुरतो, फक्त क्रम चुकवायचा नाही.

गोलघुमट उघडल्या उघडल्या गाठा. खालच्या दालनात रेंगाळू नका, आधी कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून वर चढा. सात मजल्यांचा जिना अरुंद, पायऱ्या उंच. समोरून कुणी उतरत असेल तर भिंतीला चिकटून थांबावं लागतं. पाण्याची बाटली आणि मोबाईल सोडून बाकी सगळं गाडीच्या डिकीत, नजरेआड ठेवा. गच्चीवरून घुमटाच्या जाड भिंतीतल्या दारातून आत गेलं की सज्जा. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. एकाने इथे बसायचं, दुसऱ्याने बरोबर समोर जायचं आणि भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं. आवाज गोल भिंतीला धरून फिरतो, म्हणून "किल्ली तुझ्याकडेच ना?" एवढी कुजबुजही पलीकडे स्पष्ट पोचते. मधल्या पोकळीकडे तोंड करून मोठ्याने बोललात तर प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात आणि शब्दच कळत नाहीत. सहली आल्या की शिट्ट्या-टाळ्या सुरू होतात, मग हा खेळ संपला. पहाटे उठायचं ते एवढ्यासाठी.

उतरल्यावर खालचं दालन निवांत पाहा. 1656 मध्ये पूर्ण झालेली मुहम्मद आदिलशहाची ही कबर. एकमेकांना छेदणाऱ्या कमानी चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा पेलतात, ते मान वर करून शोधण्यात खरी मजा आहे. नगारखान्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

मग पश्चिमेकडे सरकत जायचं. वाटेत बारा कमान: दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, वीस मिनिटं पुष्कळ. पुढे बुरुजावर मुलूख मैदान तोफ, 1549 ची, वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्यात हत्ती चिरडला जातोय. घाईत हत्ती दिसतच नाही. जवळच उपळी बुरूज. त्याला जिना बाहेरून वळत जातो, उन्हात चढणं नकोसं होतं, तेव्हा एकच जमणार असेल तर तोफ पाहा.

इब्राहिम रोजा शेवटी. माझ्या मते गोलघुमटापेक्षा हाच सरस. कबर आणि मशीद एकाच जोत्यावर समोरासमोर, मध्ये हौद. कबरीच्या खिडक्यांत दगडी जाळी आहे, पण नक्षी फुलांची नाही, अरबी अक्षरांची. अक्षरांमधल्या फटींतून उजेड झिरपतो.

इथून हंपीजवळचं होस्पेट सुमारे दोनशे किलोमीटर. दोनच्या आत विजापूर सोडलं तर उजेडी पोचता येतं. जेवण शहरातच उरका.